शेजारच्या घराची खबर

आम्ही मायलेकी. एक शाळेत उर्दू-मराठी शिकवणारी, दुसरी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला गणिताचा पेपर राहिलेली. निकालापासून घरात त्या विषयाचे नाव निघत नव्हते. पुन्हा परीक्षेला बसण्याचा फॉर्म कपाटावर पडून होता. त्याच दिवसांत मगरिबनंतर आम्ही कॉम्प्युटरवर हवामानाचे अगदी साधे मॉडेल लिहायला शिकू लागलो. यातले गणित आणि राहिलेला पेपर एकाच घरचे, हे दोघींना ठाऊक होते. बोललो मात्र नाही.

मॉडेल म्हणजे काय, तर ३० घरांची एक रांग. प्रत्येक घर १० किलोमीटर रुंद. वारा पश्चिमेचा, कोकणातल्या पावसाळ्यासारखा, सेकंदाला १० मीटर. सगळीकडे २८ अंश, फक्त मधल्या तीन घरांत ३३. शेवटच्या घरातून निघालेली हवा पुन्हा पहिल्या घरात शिरते. ही गरम हवा पुढे कशी सरकते, एवढेच पायथॉनमध्ये काढायचे. दर दहा मिनिटांनी प्रत्येक घर पश्चिमेच्या शेजाऱ्याचे तापमान विचारते आणि त्यावरून आपले नवे ठरवते. चालले! ते गरम ठिगळ जाता जाता पसरून कोमट झाले, पण चालले.

मग घाई नडली. काम लवकर उरकावे म्हणून दहाची वीस मिनिटे केली. दहा तास पुढे जाऊन पाहतो तर एका घरात हजारो अंश, शेजारी उणे हजारो. लेकीने लॅपटॉप मिटला. "अम्मी, मला नाहीच जमणार." आवाज निकालाच्या दिवशीचाच होता.

तीन दिवस लॅपटॉप उघडला नाही. चौथ्या दिवशी चपात्या लाटताना उलगडले. वीस मिनिटांत वारा १२ किलोमीटर जातो आणि घर तर १० चेच. हवा येते शेजाऱ्याच्याही पलीकडून, आणि आम्ही खबर विचारतो फक्त शेजाऱ्याला! कूरांट, फ्रिड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्येच ही अट मांडून ठेवली आहे.

वाचता वाचता लुईस फ्राय रिचर्डसन भेटले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवणारा हा इंग्रज २० मे १९१० च्या सहा तासांचे हवामान हाताने आकडेमोड करून काढत होता. उत्तर आले, हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. (त्यांची चूक आमच्यासारखी नव्हे. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता.) १९२२ च्या पुस्तकात त्यांनी ते उत्तर तसेच छापले.

"छापलं? स्वतःहून?" लेक थांबली. वीस वर्षे वह्यांतल्या चुकांवर लाल रेघा ओढणाऱ्या हातालाही जरा थांबावे लागले.

मॉडेल आता दहा मिनिटांच्या पावलांनी चालते. बिघडलेली फाइल तिने पुसली नाही, वेगळ्या नावाने ठेवली आहे. फॉर्मची मुदत गुरुवारपर्यंत. तो अजून कपाटावरच आहे. काल रात्री भांडी आवरताना तीच म्हणाली, "अम्मी, रांगेत सह्याद्री घालायचा तर वाऱ्याला वर चढावं लागेल ना?"

म्हणजे घरांवर घरे, माळे चढवावे लागतील. भांडी तशीच ठेवून आम्ही वही उघडली.