टॉर्क मोडबद्दल माझं मत बदललं

सर्वो म्हणजे पोझिशन मोड, असं माझं ठाम मत होतं. मोटरला जागा सांगायची, तिनं तिथं जाऊन थांबायचं. स्पीड आणि टॉर्क हे बाकीचे दोन मोड म्हणजे मेनूतली खोगीरभरती. वेगच हवा तर साधा इन्व्हर्टर लावा, असं मी सोलापुरातल्या कारखानदारांना ऐकवत असे.

टेरी टॉवेलच्या मागानं आधी माझ्याच बाजूनं कौल दिला. त्यात ताण्याचे दोन बीम असतात, एक मूळ कापडाचा, दुसरा लूपचा. नेहमीच्या विणीत दोन बाणे कापडापासून जरा अंतरावर थांबवतात आणि तिसऱ्याच्या ठोक्याला तिन्ही एकदम पुढे ढकलतात. लूपचा ताणा सैल असल्यामुळे त्याचे फुगे वर येतात. अंतर जितकं जास्त, तितका लूप उंच. पूर्वी ते कॅमवर ठरायचं, सर्वोवर नुसता आकडा बदलायचा. हे काम पोझिशन मोडचंच.

अडलं ते बीमपाशी. बीम उतरत जातो तशी त्याची त्रिज्या घटते, मग तेवढंच सूत सोडायला तो जास्त फिरावा लागतो. तिथं ठरावीक कोन देऊन काय उपयोग? सांभाळायचा असतो ताण. म्हणून सेन्सर ताण मोजतो आणि त्यानुसार मोटरचा वेग कमी-जास्त होतो. कापड गुंडाळताना तर थेट टॉर्क मोड लावता येतो. हिशेब सोपा आहे: ताण गुणिले त्रिज्या. रोल जाड होईल तसा टॉर्क वाढवत न्यायचा.

आणि हा हिशेब आपल्या जॉबरांना, म्हणजे मागाची जुळणी-दुरुस्ती करणाऱ्यांना, कुणी शिकवावा लागला नाही. साध्या यंत्रमागावर बीमला साखळी वेढून वजन टांगतात. बीम उतरला की जॉबर ते वजन कमी करतो. टॉर्क मोडच की हा, फक्त विजेविना!

मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हची रचना नीट पाहिली तेव्हा उरलासुरला हट्टही गेला. त्यात नियंत्रणाचे तीन लूप असतात: सगळ्यात आत करंटचा, म्हणजे टॉर्कचा, त्याच्याबाहेर वेगाचा आणि सर्वांत बाहेर पोझिशनचा. मी ज्याला भरती म्हणत होतो, त्याच्याच जिवावर माझा लाडका मोड चालतो.

टॉर्क मोड लावणार असाल तर वेगमर्यादेचा पॅरामीटर आधी भरा. कापड सुटलं की मोटरला अडवणारं काही उरत नाही आणि ती सुसाट पळते.