भरून येणं

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. कारण नातेवाईकांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगते. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या पायाच्या चवड्याला जखम झाली होती. साडेचार महिने आमचं अख्खं घर त्या एका चवड्याभोवती फिरत होतं. परवा ड्रेसिंग कायमचं सुटलं, म्हणून आज लिहायला बसले.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. डिसेंबरात माहेरी गेले होते. कडाक्याची थंडी, दादांचे पाय गारठलेले. मी बादलीत गरम पाणी, मीठ घालून त्यांना पाय शेकायला बसवलं. विचारलं, "फार गरम नाही ना दादा?" म्हणाले, "छे गं, कोमट तर आहे. अजून घाल." मी घातलं. स्वतः हात बुडवून बघितलं नाही. एकोणीस वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला विचारलं, आणि त्यावर विश्वास ठेवला!

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर ओले ठसे बघून आई म्हणाली, "पाय पुसले नाहीत वाटतं." ते पाणी फुटलेल्या फोडातलं होतं. दादांना काही जाणवलंच नव्हतं.

पंधरा दिवसांत तिथली कातडी काळी पडली. सर्जननी मेलेला भाग कापून काढला. पहिल्यांदा ती जखम बघितली तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. लिंबाएवढा खड्डा, तळाशी पिवळट बुळबुळीत थर. अंगठा वाचेल की नाही, हे डॉक्टर तेव्हा सांगत नव्हते.

आईचं म्हणणं, जखम उघडी ठेवा, वारा लागू दे, खपली धरली की झालं. आपण सगळे हेच ऐकत मोठे झालो ना! डॉक्टर म्हणाले, "काकू, ही जखम खपलीने नाही बरी होणार. तळापासून भरून यायला हवी, आणि त्यासाठी ओलसर राहायला हवी." नंतर वाचलं, की १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की ओलसर झाकून ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. खपलीखालून वाट काढण्यापेक्षा ओल्या पृष्ठभागावरून पेशींना सरकणं सोपं जातं.

तिसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग काढताना रक्त आलं. मी घाबरले. सिस्टर मात्र खूश. म्हणाल्या, "ताई, इकडे बघा. लाल दाणे दिसतायत ना?" खरंच, डाळिंबाचे अगदी बारीक दाणे पसरावेत तसं काहीतरी तळाशी उगवलं होतं. ग्रॅन्युलेशन. आयुर्वेदात याला मांसांकुर म्हणतात. किती नेमका शब्द! अंकुरच ते. प्रत्येक दाणा म्हणजे नव्या केशवाहिन्यांची वर आलेली वेटोळी, भोवती कोलॅजन विणणाऱ्या पेशी. वाहिन्या नाजूक, म्हणून जरा धक्का लागला तरी रक्त येतं. त्यात नसा नसतात, म्हणून दुखत नाही. लालबुंद आणि ओलसर असलं तर चांगलं, फिकट किंवा काळपट पडलं तर काळजीचं. आपण मराठीत "जखम भरते" म्हणतो, ते शब्दशः खरं आहे, हे मला या वयात कळलं.

दर रविवारी मी पारदर्शक कागदावर जखमेची कड पेनने गिरवून ठेवायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की चार आठवड्यांत जखम निम्मी झाली तर बाराव्या आठवड्यापर्यंत भरण्याची आशा चांगली. आमची निम्मी सोडाच, दोन कागद एकमेकांवर ठेवले तर रेषा जवळजवळ जुळत होत्या. दाणेही फिकट पडले. अशी जखम सुजेच्या पायरीवरच अडकून पडते म्हणे. नवं विणलेलं रोज तुटतं.

कोण तोडतंय, ते आईने पकडलं. दादा पहाटे सगळे झोपलेले असताना चपला घालून दूध आणायला जात होते! मी खूप बोलले त्यांना. ते शांतपणे म्हणाले, "अगं, दुखत नाही तर चालू नको कशाला?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल वाचलेलं आठवलं. ते तिथे कुष्ठरुग्णांवर उपचार करत. रुग्णांची बोटं रोगाने आपोआप सडतात असं तेव्हा लोक समजत. ब्रँड यांनी दाखवलं, की ते मांसही इतरांसारखंच भरून येतं, फक्त वेदना नसल्यामुळे माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पायाला प्लास्टर घालून आराम दिला की जखमा भरत. दादांची गोष्ट हीच होती, रोग वेगळा.

रक्तपुरवठा ठीक आहे हे तपासून डॉक्टरांनी दादांनाही प्लास्टर घातलं. दर आठवड्याला बदलायचं. दाणे पुन्हा लाल झाले, खड्डा उथळ झाला, मग कडेने मोत्यासारखी फिकट गुलाबी त्वचा आत सरकू लागली. रविवारचे कागद लहान लहान होत गेले. शेवटच्या कागदावर नुसता ठिपका आहे.

परवा मी दादांना म्हटलं, "पाणी मीच ओतलं होतं." ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आणि अजून घाल कोण म्हणालं होतं?" विषय तिथेच संपला. माझ्यापुरता संपलाय का, माहीत नाही.

व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंतच जाते, तीही कित्येक महिन्यांनी. म्हणजे मऊ बूट, रोज रात्री तळपाय बघणं, हे आता कायमचं. आई आरसा घेऊन बसते, दादा कुरकुरतात.

असो. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर आज रात्री त्यांचे तळपाय बघा. त्यांना विचारू नका. स्वतः बघा. आणि पाणी गरम आहे का, ते आपल्या हाताने.