बदकांची रातपाळी

टांगीजवळ हमरस्ता सोडून आमची गाडी मंगलाजोडीत शिरली तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. चिलिका सरोवराच्या उत्तर काठावरचं हे ओडिशातलं गाव एके काळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी बदनाम होतं. जाळी लावायची, विष घातलेलं आमिष टाकायचं, की पोत्यांनी पक्षी बाजारात. २००० साली इथल्याच शिकाऱ्यांनी पक्षी सुरक्षा समिती काढली. आज त्यांच्यातलेच कित्येक जण नावाडी आहेत.

नावेला इंजिन नाही. पाणवनस्पतींमधून बांबूने रेटा देत आमचे नावाडी काका निघाले. धुक्यातून शिट्ट्या आल्या. "अडई," ते वर न बघताच हिंदीत म्हणाले, "भातशेतातून परतल्या." तलवार बदकं आणि थापटे त्याआधीच पाण्यावर उतरले होते. बदकांची रातपाळी असते: दिवसा उघड्या पाण्यावर झोप, अंधार पडला की चरायला. येण्याजाण्याच्या या दोन वेळांनाच थवे खालून जातात, म्हणून शिकारी नेमका तेव्हाच दबा धरून बसायचा. तोही वारा बघून, कारण उतरताना बदक वाऱ्याला तोंड देतं. चांदणं असलं तर ती उशिरा उठतात, रात्रभर तुटक तुटक हलतात. काकांच्या मते ती रात्र फुकटच जायची. हे ज्ञान एकाही पक्षी-पुस्तकात मला इतकं नेमकं मिळालं नव्हतं.

कुरवांचं सगळं उलट. ऊन चढलं तसे ते कोळ्यांच्या होड्यांमागे लागले, आणि संध्याकाळी रांगा धरून खुल्या पाण्याकडे मुक्कामाला गेले. इथे त्यांना कुणी काही टाकत नाही. (भिगवणला फोटोसाठी फरसाण उधळणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.)

सूर्य बुडाला तशी पर्यटकांची वर्दळ ओसरली. आम्ही नाव सोडून बांधावर थांबलो. कुरव दिसेनासे झाले आणि मग पाण्यावरून पाच-सात बदकं उठली, पाठोपाठ आणखी. डोक्यावरून पंखांचा आवाज गेला, सगळा शेतांच्या दिशेने.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कधी जाल तर शेवटची नाव घ्या, आणि काठाला लागल्यावर लगेच गाडीत बसू नका. अर्धा तास बांधावर उभे राहा.