फरक ओळखा!

'खालील दोन चित्रांत दहा फरक आहेत. ओळखा पाहू!' हे कोडं तुम्ही नेहमी सोडवता ना? एका चित्रात मुलीच्या वेणीला रिबन असते, दुसऱ्यात नसते. एकात मांजराला मिशा असतात, दुसऱ्यात त्या गायब! लहानपणी मला या कोड्याचं भारी वेड. अंक हातात पडला की गोष्टी राहायच्या बाजूला, आधी पेन्सिल घेऊन मी हे पान गाठायचो. मोठा झालो तरी ते वेड काही सुटलं नाही. फक्त चित्रं बदलली. आता माझी चित्रं चांदीची असतात आणि दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची असतात!

हे सगळं सुरू झालं मामामुळे. मामा जुनी नाणी जमवायचा. मी आठवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो. एका दुपारी त्याने माझ्यासमोर मखमलीच्या कापडावर सात नाणी मांडली. प्रत्येक नाणं अंगठ्याच्या पेराएवढं, वजनाला जेमतेम अडीच ग्रॅम.

"हा कोण, माहीत आहे?" मामाने विचारलं.

मी मान हलवली.

"तुझ्या वर्गात कुणी मिलिंद आहे का?"

"आहे ना! शेवटच्या बाकावर बसतो."

"मग त्याला सांग, हा तुझ्या नावाचा राजा."

मित्रांनो, सिकंदर बादशहा इ. स. पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला मरण पावला. त्याच्यामागे त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतलं आणि ग्रीसपासून अफगाणिस्तानपर्यंत ग्रीक राजे राज्य करू लागले. त्यांच्यातलेच काही पुढे हिंदुकुश ओलांडून आपल्याकडे आले. त्यांपैकी सगळ्यांत प्रसिद्ध राजा मिनँडर. तो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला. नागसेन भिक्षूंबरोबर त्याची प्रश्नोत्तरं झाल्याचं 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात सांगितलं आहे. तिथलं त्याचं नाव मिलिंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मराठवाड्यात काढलेल्या महाविद्यालयाचं नावही 'मिलिंद'च.

मामाने भिंग हातात दिलं. नाण्याच्या पुढच्या बाजूला राजाचा चेहरा, केसांना बांधलेली फीत आणि भोवती ग्रीक अक्षरं : 'बॅसिलिऑस सोटेरॉस मेनांड्रू'. मागच्या बाजूला ढाल धरून वज्र फेकणारी अथीना देवी आणि भोवती खरोष्ठी अक्षरं. ती उजवीकडून डावीकडे वाचायची : 'महरजस त्रतरस मेनंद्रस'.

"अरे, हे तर महाराजस्य!" मी ओरडलोच. त्या वर्षी संस्कृतच्या बाई आमच्याकडून 'रामस्य, रामयोः, रामाणाम्' घोकून घेत होत्या.

"बरोबर. षष्ठी विभक्ती. ग्रीकमध्येही षष्ठीच आहे. तारणहार महाराज मिनँडर याचं. काय याचं? तर हे नाणं!"

असा एकच मजकूर दोन लिप्यांत मिळाला, म्हणूनच तर १८३० नंतरच्या काही वर्षांत कलकत्त्याच्या टांकसाळीतले जेम्स प्रिन्सेप आणि इतर अभ्यासक खरोष्ठी अक्षरं ओळखू शकले.

मग मामा म्हणाला, "आता कोडं. या सात नाण्यांतले फरक ओळख."

मला वाटलं, सगळी सारखीच तर आहेत! पण भिंगातून बघायला लागलो आणि संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. एका नाण्यावर राजाच्या डोक्यावर शिरस्त्राण होतं. एकावर राजा पाठमोरा वळून भाला उगारत होता. कुठे अथीना डावीकडे तोंड करून उभी, तर कुठे उजवीकडे. आणि देवीच्या बाजूला एक चिमुकलं चिन्ह होतं. दोन-तीन ग्रीक अक्षरं एकमेकांत गुंफलेली, आपल्या जोडाक्षरासारखी. याला मोनोग्राम म्हणतात. ते टांकसाळीचं चिन्ह की तिथल्या अधिकाऱ्याचं, यावर अभ्यासकांचे अजून वाद चालतात.

एवढे फरक का? तेव्हा यंत्रं नव्हती. कारागीर ठशावर राजाचं चित्र हाताने उलटं कोरायचा. एक ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर चांदीची चकती ठेवायची, दुसरा ठसा वर धरायचा आणि हातोडा हाणायचा! ठसा झिजला की नवा कोरायचा. हाताने कोरलेला नवा ठसा जुन्यासारखा हुबेहूब कसा होणार? एखादी बट जास्त, एखादं अक्षर वाकडं, हे यायचंच.

सिकंदराच्या नाण्यांत तर हा खेळ फार मोठा आहे. पुढे सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस, मागे हातावर गरुड घेऊन सिंहासनावर बसलेला झ्यूस. सिकंदर गेल्यावरही दोनशेच्या वर वर्षं अनेक शहरं त्याच्याच नावाने ही नाणी पाडत राहिली. फरक कुठे शोधायचा? झ्यूसच्या पुढ्यातल्या छोट्या खुणेत, सिंहासनाखालच्या मोनोग्राममध्ये, आणि झ्यूसच्या पायांतसुद्धा! सुरुवातीच्या बहुतेक नाण्यांवर त्याचे पाय शेजारी शेजारी असतात, नंतरच्या पुष्कळ नाण्यांवर एक पाय मागे ओढलेला असतो. ब्रिटिश म्युझियमच्या मार्टिन प्राइस यांनी १९९१ मध्ये या नाण्यांचे हजारो प्रकार दोन जाडजूड खंडांत नोंदवले. हा नुसता पोरखेळ नाही बरं का! आपल्याकडच्या तिसाहून अधिक ग्रीक राजांपैकी बहुतेकांची नावं आपल्याला फक्त नाण्यांवरून माहीत आहेत.

मी एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक नाण्याला एक पान, खाली 'फरक' असं लिहून यादी. आणि याच वहीने मला एकदा चांगलंच अडचणीत आणलं.

नववीत असताना पुण्यात नाण्यांचं एक प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका विक्रेत्याकडे मला मिनँडर दिसला. दिवाळीचे, वाढदिवसाचे, आजीने हातावर ठेवलेले असे सगळे पैसे घालून मी तो घेतला. मी इतका हवेत होतो, की शेजारच्या मित्रालाही दुसऱ्या दिवशी ओढत घेऊन गेलो. तो बॅटसाठी पैसे साठवत होता. "बॅट काय, पुढच्या वर्षीही मिळेल. राजा मिळायचा नाही," असं मीच त्याला पटवलं. त्यानेही त्याच माणसाकडून एक मिनँडर घेतला.

घरी येऊन आम्ही दोन्ही नाणी शेजारी ठेवली. मोनोग्राम एकच! केसांच्या बटाही त्याच! म्हणजे दोन्ही एकाच ठशातून निघालेली. अशी जोडी सापडणं म्हणजे संग्राहकाची दिवाळी! मग मी फरक शोधायला बसलो. एक तास गेला, दोन तास गेले, पण एकही फरक सापडेना. कानामागचा ओरखडा सारखा, कडेची चीर त्याच जागी, चित्र एका बाजूला सरकलेलं तेही तेवढंच. वहीत मी ऐटीत लिहिलं, 'फरक : ०'.

रविवारी मामा आला. मी वही त्याच्यापुढे धरली. मामा काही बोलला नाही. बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग म्हणाला, "एकही फरक नाही, हीच तर गडबड आहे रे."

"म्हणजे?"

"तुम्हा दोघांचा गणवेश सारखा आहे. ठीक. पण दोघांच्या गुडघ्यांवर खरचटल्याची खूणही सारखीच, त्याच जागी, तेवढीच लांब, असं होईल का? ठसा एक असला तर चेहरा सारखा येईल. पण चकती प्रत्येक नाण्याची वेगळी. ती कुठे चिरली, हातोडा कसा बसला, नंतर कुठे ओरखडा पडला, हे ज्याचं त्याचं. ही दोन्ही एका खऱ्या नाण्याचा साचा करून ओतलेली आहेत."

कडेवर बोट फिरवलं तर सांध्याची बारीक रेघ लागत होती. सराफाच्या काट्यावर दोन्ही नाणी मामाच्या सातही नाण्यांपेक्षा हलकी भरली. प्रदर्शन तर केव्हाच संपलं होतं.

माझे पैसे गेले याचं वाईट वाटलंच. पण खरी धास्ती वेगळीच होती. मित्राला सांगायचं कसं? दोन दिवस मी त्याला टाळलं. तिसऱ्या दिवशी जिन्यातच गाठ पडली आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तो पायरीवर बसला. जरा वेळाने हळूच म्हणाला, "पलीकडच्या गल्लीतला तो मुलगा मागत होता ना? त्याला एक विकू. दुसरं दुसऱ्या कुणाला तरी. जोडी शेजारी आलीच नाही तर कळणार कुणाला?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते पटलं. पैसे परत मिळणार होते, मित्राची बॅट येणार होती. पण डोळ्यांसमोर ती वही आली. त्या पानावर मी काय लिहिणार होतो? 'फरक : ०, विकले'?

"नको," मी म्हणालो. "त्यालाही कुणीतरी शेजारी असेल."

मित्र उठून निघून गेला. चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी आला, त्याचं नाणं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "खरं कसं असतं ते तरी दाखव." त्या रविवारी आम्ही दोघं मामाच्या सात नाण्यांवर भिंग धरून बसलो. नंतरच्या दिवाळीतले माझे सगळे पैसे त्याच्या बॅटमध्ये गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पण गेले.

आज माझ्याकडे अस्सल मिनँडर आहेत. तरीही त्या दोन नकली नाण्यांचं पाकीट मी जपून ठेवलंय. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'खोटी. विकायची नाहीत.' नवीन नाणं आलं की आधी त्या जोडीकडे बघतो.

तुम्हालाही हा खेळ खेळायचाय? मग ग्रीक नाणी कशाला हवीत! बाबांच्या खिशातली चिल्लर घ्या आणि नाण्यावरच्या सालाखाली बघा. चौकट असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. जुनं नाणं मिळालं तर चिंच लावून घासू नका हं, त्याच्यावरच्या खुणा जातात! आणि शेतात किंवा पायाच्या खोदकामात नाणी सापडली तर लपवू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

वही मात्र आजच करा. आणि तुमच्या एखाद्या पानावर 'फरक : ०' आलं, तर खूश होण्याआधी पुन्हा एकदा भिंग उचला!