विमानाच्या पत्र्यावरील पोचे

मूर्तिजापुरच्या बाजारांत तांबटास घागरीचे पोचे काढतांना आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. वैमानिक अमोल यादव यांनीं मुंबईंत गच्चीवर बांधलेलें विमान २०१६ सालीं प्रदर्शनांत मांडलें. तेव्हांपासून, घरीं बांधलेल्या विमानाचा पत्रा आमचा तांबट सुधारील काय, हा प्रश्न आम्हांस सतावीत होता.

तांबें तो तापवून मऊ करतो. विमानाच्या अॅल्युमिनियमचें बळ मात्र तापविल्यानें जातें, आणि फार ठोकल्यास पत्रा ताणून पोच्याऐवजीं फुगवटा येतो. म्हणून मागें ठोकळा धरून लांकडी हातोड्यानें कडेकडून हलके ठोके द्यावयाचे. लुकण भरून पोचा लपविणें आम्हांस तर भयावह वाटतें. सुकाणूवर तेवढ्या वजनानेंही तोल बिघडून तें उड्डाणांत फडफडूं लागण्याचा संभव. शिवाय लुकणाखालीं चीर दडते. रिव्हेटाजवळ केसाएवढी चीर दिसली, तर हातोडा खालीं ठेवावा. उथळ, बिनचिरेचा पोचा पुष्कळदां तसाच राहूं देतात.