खेळाच्या तासाचे गुण

प्रगतिपत्रकात भाषा, गणित, विज्ञान यांच्या खाली एक ओळ असते, शारीरिक शिक्षणाची. पालक ती सहसा वाचत नाहीत आणि शिक्षक ती सगळ्यात शेवटी भरतात. वर्गातल्या बहुतेक मुलांना एकच श्रेणी आणि नोंदही ठरलेली: 'खेळात रस घेतो.' आमच्या उर्दू माध्यमात तेच वाक्य 'खेल में दिलचस्पी लेता है' असं होतं. भाषा बदलते, पण दोन्ही वाक्यांत ते मूल कुठेच दिसत नाही.

महाराष्ट्रात 2010 साली पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. भाषा-गणिताला आकारिक आणि संकलित अशी विभागणी झाली. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचं मात्र सगळंच मूल्यमापन आकारिक. लेखी पेपर नाही. रोजचं निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम यांवरून श्रेणी आणि वर्णनात्मक नोंद. कल्पना चांगलीच आहे. पण निरीक्षणाला निरीक्षण करणारा लागतो. प्राथमिक शाळेत खेळाचा वेगळा शिक्षक बहुधा नसतो. मी उर्दू आणि मराठी शिकवते, शिट्टीही माझ्याच गळ्यात असते.

मग सोपा मार्ग म्हणजे घड्याळ लावून पळवणं. पन्नास मीटर, सहाशे मीटर, आकडा लिहिला की काम झालं. अशा चाचण्या मुलांची तंदुरुस्ती समजायला उपयोगी आहेत, त्या जरूर घ्याव्यात. पण त्या आकड्यावर श्रेणी द्यायला माझं मन घेत नाही. मुलाची उंची, त्याचं वजन, सकाळी पोटात काय गेलं, पायात बूट आहेत की चप्पल, हे सगळं त्या आकड्यात असतं. ते मूल घरून घेऊन येतं. शाळेनं काय शिकवलं ते त्यात फार थोडं असतं.

सातवीतली एक मुलगी सांगते. धावण्यात ती कायम शेवटून पहिली-दुसरी. पण खो-खोत तिचा संघ सहसा हरत नसे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणून नुसता वेग असणारी मुलं पळणाऱ्याच्या मागे दमतात. ही मुलगी दोन पावलं टाकायची, पळणारी कुठे वळणार ते ओळखायची आणि बरोबर त्या बाजूला तोंड करून बसलेलीला खो द्यायची. पळायची पाळी आली की निसटता हात लागला तरी कुणी ओरडायच्या आत स्वतःच 'मी बाद' म्हणून बाहेर यायची. हे सगळं ती शिकलेली होती. घड्याळात ते उमटत नव्हतं.

म्हणून मी एक साधी वही ठेवते. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने: अंगाला काय येतं, खेळ किती समजतो, इतरांशी कसं वागतं. एका तासाला पाचच मुलं बघायची. तीस मुलांचा वर्ग सहा तासांत बघून होतो, आणि फिरून पहिल्यापासून सुरुवात. तुलना शेजारच्याशी नाही, त्याच मुलाच्या मागच्या नोंदीशी.

मोजमाप कधी करायचं हेही महत्त्वाचं. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. आमचं मैदान काळ्या मातीचं. जुलैत तिथे पाय उचलला तर चप्पल खालीच राहते. म्हणून पहिली नोंद पोळा झाल्यावर. दुसरी जानेवारीत. एप्रिलमध्ये जमिनीला भेगा आणि डोक्यावर वर्ध्याचं ऊन. शिवाय रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. सातवीतल्या रोजेदार मुलाला दुपारी सहाशे मीटर पळवून काढलेला आकडा त्याच्याविषयी काहीच खरं सांगत नाही.

त्या मुलीच्या प्रगतिपत्रकात मी लिहिलं: 'वेग कमी, पण खेळ वाचते. खो अचूक वेळी देते. बाद झाल्यावर स्वतः सांगते.' पत्रक घ्यायला वडील आले. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, "बाजी, ये सच में खेलती क्या?" मी म्हटलं, खेळते, आणि डोक्यानं खेळते. सातवीनंतर आमच्याकडच्या बऱ्याच मुलींचं मैदान सुटतं. दुपट्टा, घरकाम, हायस्कूलचं अंतर, कारणं पुष्कळ. तिचं पुढे काय होईल ते एका ओळीनं ठरणार नाही. पण मुलीच्या खेळण्याबद्दल तिच्या बापाशी बोलायला माझ्याकडे त्या दिवशी एक नेमकं वाक्य होतं. 'रस घेते' एवढ्यावर हे बोलणंच झालं नसतं.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिनं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हातानं काम करत शिकावं, ही नई तालीमची मांडणी त्या समितीनं तपशिलात लिहून काढली. चालू परीक्षापद्धतीवरही तिनं कडक टीका केली. जे हातापायांनी शिकलं जातं ते बघूनच कळतं, हे या जिल्ह्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

यंदा वहीला मी चौथा रकाना जोडला आहे. त्यात मूल स्वतः लिहितं, उर्दूत किंवा मराठीत: या महिन्यात मला नवीन काय जमलं? एका मुलानं लिहिलंय, 'लंगडीत आता डावा पायपण चालतो.' त्याच्या नावापुढे मी वेगळं काही लिहिलं नाही.