मोरचुदातली तार

मोरचुदाचं निळं द्रावण, तांब्याच्या दोन पट्ट्या आणि एक बारीक तार, एवढ्याच भांडवलावर मी अधिविभव मोजायला शिकलो. प्रयोगशाळेत मात्र अधिविभव कुणी म्हणत नाही, सगळे ओव्हरपोटेन्शियलच म्हणतात. धातू द्रावणात समतोलात बसलेला असतो. त्याला विरघळवायचं, तर समतोलाच्या विभवावर थोडं जास्तीचं मोजावं लागतं, वरखर्चच तो.

तारही तांब्याची, द्रावणही तेच, त्यामुळे समतोलाचा आकडा आपसूक वजा होतो. प्रवाह जातो दोन पट्ट्यांमधून, तार नुसती साक्षीला. म्हटलं, मीटर सांगेल तोच अधिविभव!

प्रवाह दसपट केला की अधिविभव ठरावीक मापानंच वाढतो, हे युलियुस टाफेल यांनी १९०५ मध्ये हायड्रोजनबाबत मांडलं. तांबं विरघळताना ते माप साधारण ४० मिलिव्होल्ट. सेमिलॉग कागदावर माझी रेष आधी सरळ गेली, मग वर उसळली. दोन दिवस मी वहीत नव्या अभिक्रियेचे मनोरे रचत होतो. तिसऱ्या दिवशी तिथल्या जुन्या सहायकांनी डोकावून विचारलं, "अरे, तार पट्टीपासून किती लांब ठेवलीयस?"

लांबच होती. मधल्या द्रावणाचा रोध ५ ओहम धरला, तर २ मिलिअँपिअरला १० मिलिव्होल्टची चूक, २० ला थेट १००. पाण्याची उधारी मी तांब्याच्या खात्यावर लिहीत होतो.

मग तार काचेच्या निमुळत्या नळीत आली. तिला लुगिनची नळी म्हणतात. तिचं टोक पट्टीपासून नळीच्या जाडीच्या दुप्पट अंतरावर ठेवायचं. त्याहून जवळ नेलं तर नळीच प्रवाहाच्या आड येते. आत बुडबुडा अडकला की आकडा भरकटतो, मग नखानं टिचकी.

तरी थोडा रोध उरतोच. तो पकडायला प्रवाह एकदम तोडायचा. रोधाचा वाटा तत्क्षणी कोसळतो, अधिविभव रेंगाळत उतरतो. ऑसिलोस्कोपवर आधी उभा कडा, मग उतार.

आताच्या यंत्रांत रोधाचा वाटा वजा करायच्या या दुरुस्तीला बटण आहे. मुलं ते दाबतात, रेष सरळ होते. दुरुस्ती जास्त झाली तर यंत्रच थरथरायला लागतं, तेव्हा माझ्याकडे येतात. मी त्यांना प्रवाह तोडून बघायला लावतो. "सर, कडा नक्की कुठे संपला?" पडद्याशी नाक नेऊन मीही शोधत बसतो.